विस्मृतींतल्या माणसास काय द्यावें?

आहेर कोणास काय करावा हें ठरविणें आपल्या घरांतल्या वडील बायकांना कधीं जड गेलें नाहीं. लग्नाचा आहेर वेगळा, मुंजीचा वेगळा, डोहाळजेवणाचा वेगळा. कोणाकडून काय आलें होतें आणि त्याच्या तोलाचें परत काय जावयाचें, हा हिशेब त्यांच्या तोंडपाठ असे. परंतु ज्या माणसास आपण सकाळीं जेवलों कीं नाहीं हेंच आठवत नाहीं, त्यास काय द्यावें, हा प्रश्न त्या हिशेबांत बसत नाहीं. आमच्या आप्तांत तो उभा राहिला तेव्हां मीं त्याचें उत्तर इतकें चुकीचें दिलें, कीं तें आधीं कबूल केल्यावांचून इतरांस चार शब्द सांगण्याचा मला अधिकार नाहीं.

माझ्या आत्याबाई मोरव्यास राहतात. भाईंदर स्टेशनावरून पश्चिमेकडे उत्तनच्या रस्त्यास लागलें, कीं मुर्धा व राई हीं गांवें मागें पडतात आणि मोरवा येतो. हा सारा भाग आतां मीरा-भाईंदर महानगरपालिकेंत मोडतो. तरी खाडी, मिठागरें आणि आगरी वस्ती ही त्याची जुनी ओळख अगदींच पुसली गेलेली नाहीं. तेथें माझ्या आतेभावाचें अकरा माणसांचें कुटुंब आहे. आत्याबाई म्हणजे त्या घराची वहीच होती! साऱ्या गोतावळ्यांतल्या जन्मतिथि, श्राद्धतिथि, कोणास कोणतें औषध चालत नाहीं, कोणाच्या सासरीं नैवेद्याला काय लागतें, सर्व त्यांना मुखोद्गत. ती वही हळूहळू कोरी होऊं लागली. प्रथम चष्मा सांपडेना, मग दूध दोनदां तापूं लागलें, आणि एके दिवशीं स्वतःच्याच गल्लींत त्या वाट चुकल्या.

दोन वर्षांपूर्वीं त्यांचें सहस्रचंद्रदर्शन झालें. नातेवाइकांनीं हौसेनें आहेर केले. पैठणी आली, चांदीची वाटी आली, बोटानें चालवावयाचा नवा मोबाइल आला, आणि ‘डोक्यास चालना मिळेल’ म्हणून शब्दकोड्यांचें पुस्तकहि आलें. मीं जुनीं छायाचित्रें जमवून एक मोठा आल्बम केला होता. माझ्या कल्पकतेचा मला अभिमान वाटत होता. भरल्या माजघरांत मीं त्याचें पहिलें पान उघडलें आणि विचारलें, “आत्याबाई, ओळखा पाहूं, हे कोण?”

तें त्यांच्या दिवंगत यजमानांचें छायाचित्र होतें. आत्याबाईंनीं तें पुष्कळ वेळ पाहिलें आणि त्या म्हणाल्या, “कोणी चांगल्या घरचे दिसतात.” दोघीतिघी हंसल्या. त्या हंसण्यावरून, आपलें कांहीं तरी चुकलें, एवढें आत्याबाईंना कळलें. काय चुकलें तें मात्र कळलें नाहीं. पदर घट्ट लपेटून त्या आंतल्या खोलींत गेल्या, त्या जेवावयास बाहेर आल्याच नाहींत. त्यांच्यासाठीं केलेल्या सोहळ्यांत त्यांचेंच पान रिकामें राहिलें, आणि तें माझ्या भेटीमुळें!

या विकारास आपण स्मृतिभ्रंश म्हणतों. त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार अल्झायमरचा. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनीं १९०६ सालीं ट्यूबिंगन येथील सभेंत एका स्त्रीची हकीकत मांडली. ती १९०१ सालीं फ्रँकफुर्टच्या रुग्णालयांत आली तेव्हां अवघी ५१ वर्षांची होती. तिच्या मृत्यूनंतर तिचा मेंदू तपासतां त्यांत स्पष्ट बिघाड आढळले. म्हणजे हा केवळ वयाचा धर्म नव्हे, कीं स्वभावाचा हट्टहि नव्हे. हा मेंदूचा रोग आहे. १९१० सालीं क्रेपेलिन यांनीं आपल्या ग्रंथांत त्यास अल्झायमरचें नांव दिलें. आपल्या देशांत साठी उलटलेल्या माणसांपैकीं शेंकडा ७·४ जणांना, म्हणजे सुमारें ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीनें केला आहे. तेव्हां हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाहीं.

भेट निवडतांना या रोगाच्या तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. अगदीं अलीकडची आठवण सामान्यतः आधीं जाते आणि बालपणाची मागाहून. वर्षानुवर्षें केलेलें काम हाताच्या अंगवळणीं पडलेलें असतें, तें पुष्कळ काळ टिकतें. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: घडलेला प्रसंग विसरला, तरी त्यानें मनास झालेलें सुख वा दुःख लगेच विरत नाहीं. आत्याबाई माझा प्रश्न घटकेंत विसरल्या असतील. अपमान मात्र रात्रीपर्यंत त्यांच्या मनांत राहिला. म्हणून अशा माणसास दिलेली भेट ही त्याच्या स्मरणशक्तीची परीक्षा नसावी. त्याचा आजचा दिवस सोपा करणारी असावी.

हें मला ज्यांनीं शिकविलें, ते कोणी तज्ज्ञ नव्हते. आत्याबाईंच्या परसालगत एक आगरी कुटुंब आहे. तेथल्या आजोबांचें सारें आयुष्य मिठागरावर गेलें आणि आतां त्यांनाहि हीच व्यथा जडली आहे. दुपार कलली, कीं ‘कामाला जायचें आहे’ म्हणून ते दाराशीं धडपडत. कोणी अडविलें कीं चिडत. त्यांच्या नातीनें एके दिवशीं अंगणांत धुतलेली रेती ओतली आणि हलकीशी टोपली आजोबांच्या हातीं दिली. मीठ तोंडांत जाण्याचें भय, म्हणून रेती. आजोबा रास करूं लागले. नीट, टोंकदार, पूर्वींसारखी. रास मोडली तरी त्यांना खंत नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती पुन्हां करावयाची! दाराशीं होणारें भांडण पुष्कळ कमी झालें.

माझ्या वहिनीनें परसदारांतून हें पाहिलें आणि आत्याबाईंच्या पुढ्यांत कापूस आणून ठेवला. पन्नासहून अधिक वर्षें ज्या बोटांनीं फुलवाती वळल्या, तीं बोटें कांहीं विसरलीं नव्हतीं. त्या वाती संध्याकाळीं खरोखरीच देवापुढें लागतात, हें मला फार मोलाचें वाटतें. अशा माणसास उगीच गुंतवून ठेवण्यासाठीं काम दिलें, तर तें बहुधा त्याच्या ध्यानांत येतें. मटार सोलणें, मेथी निवडणें, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणें, असें घराच्या उपयोगीं पडणारें काम द्यावें. झालेलें काम त्याच्या देखत पुन्हां सुधारूं नये. ज्यांना वस्तु तोंडांत घालण्याची सवय लागली आहे, त्यांच्याजवळ मणी, गुंड्या, बिया असल्या बारीक वस्तू ठेवूं नयेत.

आतां विकत घेण्याजोग्या वस्तूंविषयीं. मोठ्या अंकांचें घड्याळ उपयोगी पडतें. वार, तारीख आणि ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘रात्र’ असें अक्षरांत दाखविणारीं घड्याळेंहि आतां मिळतात. मात्र भाषा त्या माणसाच्या वाचनांतली असावी. भिंतीवर साऱ्या महिन्याचें कॅलेंडर असलें, तर त्यांतला ‘आज’ कोणता हेंच कळत नाहीं. त्यापेक्षां रोज एक पान फाडावयाची दिनदर्शिका बरी. गाण्याची आवड असेल त्यास जुनीं गाणीं आधींच भरलेलें, एकदोन ठळक बटणांचें यंत्र द्यावें. बोलणें तुटक झालेलीं माणसेंहि लहानपणच्या अभंगांत वा आरतींत कधीं कधीं सूर मिळवतात.

कपड्यांत पुढून उघडणारें झबलें वा सदरा, नाडीऐवजीं इलॅस्टिक, आणि मागून पट्टा असलेली न घसरणारी चप्पल, हीं सोयीचीं. मात्र जन्मभर लुगडें नेसलेल्या बाईस एकदम गाऊन चढविणें तिला अपमानाचें वाटूं शकतें. तिला शिवलेली नऊवारी द्यावी, म्हणजे रूप तेंच राहतें आणि नेसविणारीचे कष्ट वांचतात. जेवणासाठीं गडद रंगाचें, उंच कांठाचें ताट द्यावें. पांढऱ्या ताटांत पांढरा भात पुष्कळांस नीट दिसत नाहीं आणि चकाकणाऱ्या ताटांत प्रकाश डोळ्यांवर येतो. मग ‘जेवत नाहींत’ म्हणून आपण त्यांसच दोष देतों. न्हाणीघरांत धरावयास भिंतींतला दांडा, पाय न घसरणारी चटई, रात्रीं वाटेंत मिणमिणणारा दिवा, या भेटी समारंभांत मिरविण्याजोग्या नाहींत खऱ्या; पण एक पडणें टळलें, तरी त्यांचें सार्थक झालें. जें माणूस घराबाहेर निघून जातें, त्याच्या कपड्यावर आंतून नांव व घरच्यांचा फोन नंबर शिवून द्यावा.

काय देऊं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. दागिना देऊं नये. तो स्वतःच कोठें तरी ठेवला जातो आणि आळ येतो कामवालीवर. गुंतागुंतीचा मोबाइल आणि कठीण कोडीं देऊं नयेत; न जमल्याचें दुःख मात्र त्यांतून मिळतें. मिठाईचा पुडा देण्यापूर्वीं मधुमेह आहे कीं काय तें विचारावें, कारण ‘मघांशीं खाल्लें’ हें त्या माणसास आठवणार नाहीं. आणि स्मृति परत आणण्याची हमी देणारीं चूर्णें व सिरपें भेट म्हणून नेऊंच नयेत. अल्झायमर मुळांतून बरा करणारें औषध अद्याप निघालेलें नाहीं. खोटी आशा ही महाग भेट आहे.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) हा चित्रपट पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. त्यांत मोहन आगाशे यांनीं स्मृति हरपलेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. तो रस्त्यानें जाणाऱ्या हत्तीच्या मागें मागें जातो आणि माहुताच्या कुटुंबांत पोंचतो. त्याची विद्वत्ता माहुताच्या बायकोस ठाऊक नसते. पुढें बसलेला म्हातारा भुकेला आहे, एवढेंच तिला दिसतें आणि ती त्यास जेवूं घालते. आपल्यासारख्या सुशिक्षित घरांस हेंच अवघड जातें. आपण त्या माणसांत पूर्वींचा पंडित, पूर्वींची कर्तबगार गृहिणी शोधीत बसतों, आणि आज समोर असलेल्यास काय हवें तें विचारावयाचें राहून जातें.

भेटीचा हा विचार आणखी एका माणसापर्यंत न्यावयास हवा. गेल्या वर्षीं मी मोरव्याहून निघतांना वहिनीला म्हटलें, “पुढच्या खेपेस आत्याबाईंना काय आणूं?” ती जरा थांबून म्हणाली, “वन्सं, त्यांच्या आहेरांनीं कपाट भरलें आहे. मला मात्र कोणी एक दुपार आणून दिली, तर हवी आहे.” अकरा माणसांच्या घरांत राहून ती सात महिन्यांत स्वतःच्या बहिणीकडे जाऊं शकली नव्हती! एकत्र कुटुंबांत म्हातारीचें ‘सगळे पाहतात’ असें आपण म्हणतों. प्रत्यक्षांत रात्रीं दोनदां उठणारें माणूस बहुधा एकच असतें, आणि तें बहुधा सून असतें. तेव्हां आहेराचे पैसे चौघांनीं एकत्र करून महिन्यांतून चार दिवस शिकलेली सेविका ठेवून द्यावी, किंवा अमुक वारीं अमक्यानें येऊन बसावें असें ठरवून टाकावें. ‘कांहीं लागलें तर कळवा’ हें वाक्य भेट नव्हे. ज्यांस कोणाचाच आधार नाहीं, त्यांनीं ज्येष्ठांसाठीं असलेल्या एल्डरलाइनच्या १४५६७ या क्रमांकावर विचारावें. १९९२ सालीं केरळांत सुरू झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेकडूनहि मार्गदर्शन मिळतें.

तेव्हांपासून महिन्यांतला एक शनिवार माझा आहे. वहिनी बहिणीकडे जाते आणि मी आत्याबाईंजवळ बसतें. आल्बम मीं पुन्हां बांधून घेतला. प्रत्येक छायाचित्राखालीं ठळक अक्षरांत नांव आहे, आणि पान उलटतांना मी विचारीत नाहीं, सांगतें: “हे तुमचे यजमान. ही तुमची धाकटी बहीण.” कधीं त्यांच्या तोंडून एखादी जुनी गोष्ट निघते, कधीं निघत नाहीं. निघाली नाहीं तरी त्या उठून जात नाहींत.

मागच्या शनिवारीं वाती वळतांना त्यांनीं मला तीनदां विचारलें, “तुम्ही कोणाच्या?” मीं तीनदां सांगितलें, “तुमच्या भावाची मुलगी.” तीनहि वेळां त्यांना आनंद झाला. निघतांना त्यांनीं मूठभर वाती कागदांत बांधून माझ्या हातांत ठेवल्या आणि म्हणाल्या, “घेऊन जा. तुमच्याकडे देव असतीलच ना?” आहेर परत करण्याची रीत त्या विसरल्या नव्हत्या.