हिमरू : शालीपलीकडची गिऱ्हाइकी

जुन्या औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे हिमरू कापड फक्त शालीसाठी, असा समज आहे. धंदा तिथेच अडतो. हिमरूत ताणा सुती, बाणा रेशमी. वेलबुट्टी मागावरच विणतात. त्याचे भावंड मशरू. त्यात रेशीम वर आणि सूत अंगाकडे राहते. पुरुषांना निव्वळ रेशीम वर्ज्य, म्हणून ही सोय. नावाचा अर्थही शरीयतला मान्य असाच.

हे कापड शेरवानीला शोभते, तसेच उशीच्या अभ्र्याला, पडद्याला आणि पुस्तकाच्या वेष्टनालाही. अजिंठा-वेरूळ पाहून परतणाऱ्या प्रवाशाला शाल महाग वाटली, तरी त्याच विणीचा बटवा परवडतो. त्याला उरलेले तुकडे पुरतात. हिमरूच्या मागच्या बाजूस रेशमाचे दोरे सुटे असतात, म्हणून आतून अस्तर जरूर लावावे.

एक पथ्य मात्र पाळावे. यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून विकू नये. २००६ सालापासून हातमाग चिन्हाची सोय आहे, तिचा लाभ घ्यावा. मालातील ऐब गिऱ्हाइकापासून लपवू नये, ही आपल्या दीनची शिकवण आहे. हिमरूचे नाव गेले, तर विणकराची रोजीही जाईल.