पाणी बाळाला, मटण बाबाला?

रविवारी सकाळी पेठ वडगावात मटणाच्या दुकानापुढे जरा उभं राहून बघा. एक किलो, दीड किलो, 'जरा चांगलं बघून द्या की', असा सगळा माहौल असतो. कोल्हापूर जिल्ह्यात मटण म्हणजे सीरियस मामला. २०१९ च्या अखेरीस दर वाढले तेव्हा कोल्हापुरात त्यावर चक्क आंदोलन झालं होतं! आता प्रश्न असा, की या मुलखातल्या घराघरात जो सात-आठ महिन्यांचा नवा मेंबर असतो, त्याच्या वाटणीला त्या किलोभर मटणातलं काय येतं? तर वाटीभर अळणी पाणी.

पुण्या-मुंबईत वाढलेल्यांसाठी सांगायला हवं. इथे मटण आधी हळद, आलं-लसूण, मीठ लावून नुसतं शिजवतात. ते अळणी मटण. त्याच्याच पाण्यावर पुढे तांबडा आणि पांढरा रस्सा होतो. कांदा-लसणाची चटणी पडायच्या आधी त्यातलं थोडं पाणी बाळासाठी बाजूला काढायचं, ही घराघरातली रीत. 'ताकद येते त्यानं,' हे आजीचं लॉजिक.

आजीचं निम्मं बरोबर आहे. तिखट पडायच्या आधी बाळाचं बाजूला काढणं ही आयडिया तर एकदम झकास. पण ज्यासाठी मटण द्यायचं ते लोह आणि बहुतेक प्रथिनं फोडींतच राहतात, पाण्यात फार थोडी उतरतात. म्हणजे बाळाला वास आणि चव मिळते, आणि ताकद मोठ्यांच्या ताटात जाते. वर त्या पाण्यानं इवलंसं पोट भरतं ते वेगळंच.

हे टेन्शन घेण्यासारखं आहे का? आहे. आईच्या पोटात असताना साठवलेलं लोह सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतं आणि आईच्या दुधातून ते फारसं मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातली ६ ते ५९ महिन्यांची सुमारे ५४ टक्के मुलं रक्तक्षयी होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा जवळपास ६९ टक्क्यांवर गेला. कारणं बरीच आहेत, पण लोहाची कमतरता त्यातलं मोठं. मांसातलं लोह शरीर पालेभाज्यांतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज उचलतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, की ६ ते २३ महिन्यांच्या मुलांना मांस, मासे किंवा अंडी रोज मिळायला हवीत.

'पण दात कुठायत त्याला?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. दात लागत नाहीत, हिरड्या पुरतात. अट एकच, घास तुमच्या अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला तर सहज चुरडला पाहिजे. शिवाय सातव्या-आठव्या महिन्यात बाळ वस्तू अख्ख्या मुठीत धरतं. त्यामुळे बारीक फोडीपेक्षा तुमच्या बोटाएवढा लांब तुकडा त्याला सोपा पडतो. मुठीच्या वर आलेलं टोक ते चोखतं, हिरड्यांनी तोडतं. चिमटीत उचलायला साधारण नऊ महिन्यांनंतर येतं, तेव्हा तुकडे लहान करा.

आता करायचं कसं? पाव किलो बिनहाडाचं मटण घ्या आणि दुकानातच खिमा दोनदा मशीनमधून काढून मागा. 'बिनहाडाचं' हे ठासून सांगा. सुऱ्यानं तोडलेल्या मटणात हाडाच्या कपच्या राहतात आणि त्या बाळाच्या घशाला सगळ्यात वाईट. घरी आणल्यावरही खिमा बोटांनी एकदा चाचपून बघा. मग हळद, आलं-लसूण, कोथिंबीर घालून थोड्या पाण्यात कुकरला अगदी मऊ शिजवा. एक उकडलेला बटाटा आणि लाल भोपळ्याची किंवा गाजराची वाफवलेली फोड त्यात कुस्करा. मिश्रण कोरडं वाटलं तर तेच अळणी पाणी घाला (बघा, आजीचं पाणी वाया गेलं नाही). बोटाएवढे रोल वळा आणि तव्यावर थेंबभर तुपात नुसते गरम करा. कुरकुरीत करायचा मोह टाळा, वरची कडक साल बाळाला चावत नाही. देताना लिंबाचे दोन थेंब पिळा, त्यानं लोह अंगी लागायला मदत होते. एवढ्यात पंधरा-सोळा रोल सहज होतात. एका वेळी एक-दोन पुरे. उरलेले डब्यात घालून लगेच फ्रीजरला. बाहेर काढून गरम केलेला रोल पुन्हा आत ठेवायचा नाही.

मिठाची गंमत आहे. 'अळणी' म्हणजे बिनमिठाचं, पण वडगाव असो की कोल्हापूर, अळणी मटणात मीठ असतंच. नसतं ते तिखट. बाळासाठी मात्र शब्द खरा करायचा. वर्षाच्या आत मीठ नको, साखर नको, मधही नको. मोठ्यांचं मटण त्याच कुकरात करणार असाल तर बाळाचा वाटा मिठाआधी वेगळा शिजवा.

भाज्यांना वेगळी रेसिपी कशाला हवी? गाजर, दुधी, रताळं, फरसबी बोटाएवढी कापून मोदकपात्रात वाफवली की झालं. कच्चं गाजर, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं मात्र अजिबात नाहीत.

घशात अडकण्याची भीती खोटी नाही. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. त्यात २०६ बाळं होती. स्वतःच्या हातानं खाणाऱ्या बाळांच्या पालकांना काय द्यावं, काय टाळावं हे आधी समजावलं होतं. त्या बाळांच्या घशात घास अडकण्याचं प्रमाण चमच्यानं खाणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं नाही. बाळ ओकारी काढतं, खोकतं, लाल होतं, तेव्हा ते स्वतःच घास बाहेर ढकलत असतं. लगेच तोंडात बोट घालू नका. आवाजच बंद झाला, श्वास घेता येईना, तर तो खरा धोका. तेव्हा बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब, आणि सोबत मदतीसाठी हाक. हे डॉक्टरांकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. बाळ सरळ बसलेलं असावं, आणि खाताना कुणीतरी समोर हवंच. मोबाइल बाजूला ठेवून.

पुण्याहून वीकएण्डला आलेली सून आणि गावची सासू यांच्यात यावरून वाजायला नको असेल, तर पहिला रोल आजीच्याच हातात द्या. 'तिखट पडायच्या आधी काढलंय, तुम्ही काढता तसंच,' एवढं बोललं की पुष्कळ. आशाताईंनी लोहाचं औषध दिलं असेल (आठवड्यातून दोनदा, १ मिली), तर मटण चालू झालं म्हणून ते बंद करू नका. आणि श्रावणात? नीट शिजलेल्या अंड्याचे लांब काप. तेही चालत नसेल तर मसुराची घट्ट डाळ आणि बटाटा एकत्र मळून तसेच रोल, वर लिंबू.