भुलीआधी खोकला लपवू नका

गेल्या पावसाळ्यात एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. चार दिवसांनी त्याचे हर्नियाचे ऑपरेशन होते. भुलीसाठी माझी फिटनेसची चिठ्ठी हवी होती. छातीला नळी लावली, तर बारीक शिट्टी ऐकू आली.

"डॉक्टर, सर्दीचं लिहू नका. यांनी मोठ्या मुश्किलीनं रजा काढलीय."

मी चिठ्ठी दिली नाही. बाई रागावून गेल्या.

वाचकहो, कारण असे. सर्दी किंवा दम्यामुळे श्वासनलिकांच्या अस्तराला सूज येते आणि त्या हळव्या होतात. भूल देताना घशात नळी घातली किंवा लाळ स्वरयंत्रावर पडली, तरी श्वासमार्ग एकदम आवळू शकतो. मग रक्तातील प्राणवायू झपाट्याने उतरतो; लहान मुलांत तर फारच लवकर. भूलतज्ज्ञांकडे त्यावर उपाय असतात, पण संकट टाळलेलेच बरे.

ही सूज श्वासावरून मोजताही येते. आपल्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड हा वायू अत्यल्प असतो. दमेकऱ्यांत तो वाढतो, हे १९९३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवले. यंत्रात सावकाश फुंकायचे, एवढीच तपासणी. अब्ज भागांत ५० पेक्षा जास्त (मुलांत ३५) आकडा आला, तर ॲलर्जीची सूज असण्याचा संभव मोठा. मात्र विडी-सिगारेटने हा आकडा खाली येतो. म्हणून आकडा कमी म्हणजे धोका नाही, असे समजू नये.

यंत्र नसले तरी पुढील प्रश्नांना पैसे पडत नाहीत. गेल्या दोन आठवड्यांत सर्दी, खोकला, ताप होता का? रात्री कोरडा खोकला येतो का? खेळताना छाती घरघरते का? अंगावर इसब आहे का? घरात कुणाला दमा आहे, कुणी विडी ओढते का? उत्तरे भूलतज्ज्ञांना खरीखरी सांगा. दम्याचा पंप स्वतःहून बंद करू नका. ऑपरेशनच्या दिवशीही सोबत न्या. तातडीचे ऑपरेशन थांबवता येत नाही, तेव्हा तर खरे सांगणे अधिकच गरजेचे.

त्या मुलाचा हर्निया अडकलेला नव्हता, त्यामुळे सर्जनांनी ऑपरेशन पाच आठवडे पुढे ढकलले. छाती स्वच्छ झाल्यावर मीच चिठ्ठी लिहून दिली. वडिलांना पुन्हा रजा काढावी लागली. ऑपरेशन विनासायास पार पडले. आठ दिवसांनी बाई पेढे घेऊन आल्या. रजेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.