कावेरीकाठचे गाणे

तामिळनाडूत तंजावर शहरापासून सुमारे १३ किलोमीटरांवर, कावेरी नदीच्या काठी तिरुवय्यारु नावाचे एक लहान गाव आहे. गाव लहान असले, तरी दक्षिणेतील संगीतप्रेमी माणसांना ते तीर्थासारखे वाटते. थोर संतकवी त्यागराज (१७६७-१८४७) यांनी आपले बहुतेक आयुष्य याच गावी वेचले. तेलुगू भाषेत शेकडो पदे रचून त्यांनी ती श्रीरामाच्या चरणी वाहिली. गावाच्या रस्त्यांतून भजन करीत हिंडावे आणि जी भिक्षा मिळेल, तीवर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. त्या काळी तंजावरास भोसल्यांचे राज्य होते. राजदरबाराचे बोलावणे येऊनही त्यागराजांनी ते नाकारले, अशी कथा तिकडे सांगतात. शिष्य व भाविक यांच्या लहानशा मेळाव्यातच त्यांचे गाणे फुलले.

दर वर्षी पौष वद्य पंचमीस, त्यागराजांच्या पुण्यतिथीस, तिरुवय्यारुला शेकडो गायक-वादक जमतात आणि त्यांची 'पंचरत्न' कीर्तने एकत्र बसून गातात. तो सोहळा मोठा असतो. परंतु कर्नाटक संगीताची खरी गोडी चाखावयाची असेल, तर एखाद्या लहान गावातील लहान बैठकीस जाऊन बसावे. दक्षिणेत गाण्याच्या बैठकीला 'कच्चेरी' म्हणतात. आपल्याकडे कचेरी म्हटली की कागदांचे गठ्ठे आठवतात. तिकडे कच्चेरी म्हटली की तंबोरा आठवतो!

देवळाचा मंडप किंवा एखाद्या घराचे दालन, एवढी जागा अशा बैठकीस पुरते. तीस-चाळीस माणसे सतरंजीवर बसतात. ध्वनिवर्धकाची गरज नसते. गायक मध्यभागी, त्याच्या एका बाजूस व्हायोलिनवादक, दुसऱ्या बाजूस मृदंगवादक आणि पाठीशी तंबोरा, अशी मांडणी असते. श्रोते इतके जवळ असतात की, गायकाने घेतलेला श्वासही त्यांना ऐकू येतो.

व्हायोलिन हे मूळचे युरोपातील वाद्य. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी बालुस्वामी दीक्षितर यांच्यासारख्या कलावंतांनी ते आपलेसे केले. युरोपात वादक ते हनुवटीखाली धरतो. दक्षिणेतील वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवतो. त्याच्यापुढे लिहिलेला कागद नसतो. गायक रागाचे आलाप घेऊ लागला की, हा कान देऊन त्याच्या मागोमाग जातो आणि मग आपल्या पाळीला तोच राग स्वतःच्या रीतीने उलगडून दाखवतो.

मृदंगाचे खोड फणसाच्या लाकडाचे असते. उजव्या तोंडावर काळी शाई कायमची बसवलेली असते. डाव्या तोंडावर मात्र बैठकीपूर्वी भिजवलेल्या रव्याचा गोळा थापतात. आपल्या पखवाजाला कणीक लावतात, तसाच हा प्रकार. त्यामुळे नाद घुमारदार होतो. कधी कधी मृदंगाच्या जोडीला घटमही असतो. घटम म्हणजे मातीचा घडाच. पण वादकाची बोटे त्यावर पडू लागली की, हा घडा आहे हे आपण विसरून जातो.

नवख्या माणसाला या बैठकीत एका गोष्टीचे नवल वाटते. तेथे श्रोत्यांचे हात स्वस्थ नसतात. कोणी मांडीवर टाळी देतो, कोणी बोटे मोजतो, कोणी तळवा उलटा करतो. हे सर्वजण ताल धरीत असतात. 'आदि' नावाचा ताल आठ मात्रांचा आहे. तो तुम्हांलाही धरता येईल. पहिल्या मात्रेला तळहात मांडीवर हलकेच मारा. पुढच्या तीन मात्रांना करंगळी, अनामिका व मधले बोट क्रमाने टेकवा. पाचव्या मात्रेला पुन्हा टाळी द्या आणि सहाव्या मात्रेला तळवा वर करा. सातवी व आठवी मात्रा पाचवी-सहावीप्रमाणेच. झाले एक आवर्तन! दहा आवर्तने न चुकता करून पाहा, म्हणजे हे काम दिसते तितके सोपे नाही, हे कळेल.

या मोजण्याचे महत्त्व 'तनि आवर्तनम्' सुरू झाले की ध्यानी येते. बैठकीतील मुख्य गीत संपत आले की, गायक व व्हायोलिनवादक थांबतात आणि मृदंगवादक एकटा वाजवू लागतो. आता आधाराला सूर नाही. गायक हाताने ताल दाखवत असतो आणि समोरचे श्रोतेही त्याच्याबरोबर मोजत असतात. मृदंगवादक सातांचे, पाचांचे, नवांचे गट करून तालाच्या चौकटीत निरनिराळी नक्षी काढतो. ऐकणाऱ्याला वाटते, हा आता वाट चुकला! इतक्यात तो एकच बोलसमूह तीन वेळा वाजवतो आणि गीत जेथून सुरू होते, नेमक्या त्याच ठिकाणी येऊन थांबतो. ज्याने ताल सोडला, त्याला केवळ आवाज ऐकू आला. ज्याने ताल धरला, त्याला वादकाबरोबर घरी परत आल्याचा आनंद मिळाला.

अशा बैठकीचा आजचा क्रम बऱ्याच अंशी अरियकुडी रामानुज अय्यंगार (१८९०-१९६७) या गायकांनी रूढ केला. आरंभी वर्णम्, मग कीर्तने, मध्ये मुख्य गीत आणि शेवटी हलकीफुलकी पदे. या शेवटच्या भागात कधी कधी आपल्या संतांचे मराठी अभंगही गातात. तामिळ श्रोत्यांनी मराठी अभंगाला ताल धरावा, यापेक्षा सुंदर भेट कोणती? सर्वांत शेवटी मंगलम् गाऊन बैठक संपते.

आता एक विचार करा. त्यागराजांच्या काळी त्यांचे गाणे साठवून ठेवणारे यंत्र नव्हते. मग ते आपल्यापर्यंत आले कसे? वालाजापेट, उमयाळपुरम्, तिल्लैस्थानम् अशा गावांच्या शिष्यांनी ते मन लावून ऐकले, पाठ केले, लिहून ठेवले आणि पुढच्यांना शिकवले. त्यांनी ऐकताना आळस केला असता, तर ही पदे रचणाऱ्याबरोबरच लोपली असती. आज यंत्रे आहेत. ती सूर साठवून ठेवतात. पण त्या सुराबरोबर ताल धरण्याचे काम यंत्र करीत नाही. ते माणसालाच करावे लागते. गावात कान देऊन ऐकणारी तीस माणसे असली, तर तेथे गवई आनंदाने येतो. ती नसली, तर मोठा मंडपही रिकामाच.

गाणे गायकाच्या कंठातून निघते, पण ते पुरे होते श्रोत्याच्या कानी. तेव्हा तुमच्या गावी भजन असो, कीर्तन असो वा गाण्याची बैठक असो, पुढे जाऊन बसा, हात मांडीवर ठेवा आणि मोजू लागा. सर्वांनाच गाता येणार नाही. पण चांगला श्रोता होणे प्रत्येकाच्या हाती आहे.