शंभर टन दगड, एक टन तांबे

गोरेगावच्या फलाटावर उभे राहून वर पाहिले, तर लोकलचा पेंटोग्राफ जिला घासत जातो ती तार दिसते. ती निव्वळ तांब्याची, जेमतेम 12 मिलिमीटर जाडीची. हे तांबे दगडातून बाहेर कसे येते, ते पाहू.

आपल्याला सगळ्यांत जवळची मोठी खाण म्हणजे मलांजखंड. गोंदियाची हद्द ओलांडली की मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा लागतो, तिथे 1982 पासून हिंदुस्तान कॉपरची ही खाण चालू आहे. तिथला तांब्याचा दगड म्हणजे गारगोटीत विखुरलेले, पितळी चमक असलेले चॅल्कोपायराइट. या खनिजात तांबे, लोखंड आणि गंधक ही तिन्ही जवळपास तिसऱ्या हिश्शाने असतात. पण मुळात दगडात हे खनिजच इतके थोडे, की शंभर किलो दगडामागे तांबे साधारण किलोभरच. म्हणजे सगळी खटपट नको ते काढून टाकण्याची.

असा दगड थेट भट्टीत घालणे परवडत नाही. गारगोटी वितळवण्यातच इंधन संपेल. म्हणून तो आधी फोडतात, मग पोलादी गोळ्यांच्या फिरत्या पिंपात पाण्याबरोबर दळतात. दळण हाताला पिठासारखे लागेपर्यंत. ते टाकीत गेले, की त्यात झँथेट नावाचे रसायन अगदी थोडे टाकतात. त्याच्या रेणूचे एक टोक गंधकयुक्त खनिजाला चिकटते आणि दुसरे पाण्याला टाळते. खालून हवा सोडली, की तांब्याचे कण बुडबुड्यांना धरून वर येतात आणि भिजलेली गारगोटी तळाशी राहते. लोखंडाचा पायराइटही वर यायला बघतो. त्याला खाली ठेवायला चुन्याची निवळी पुरते. टाकीवर राखाडी, धातूची झाक असलेला फेस दाटतो आणि दुधावरची साय काढावी तसा तो काठावरून ओढून घेतात. वाळवल्यावर त्यात तांबे 20 ते 30 टक्के भरते. संपूर्ण प्रक्रियेत मला सर्वांत चतुर वाटणारी पायरी हीच: आग नाही, धूर नाही, आणि दगडाचा बहुतेक सगळा भार इथेच उतरतो.

आता भट्टी. कोरडी भुकटी, वाळू आणि जादा ऑक्सिजन मिसळलेली हवा एकदम आत फवारतात. भुकटीतले गंधक आणि लोखंड हवेतच पेट घेतात, त्यामुळे बाहेरचे इंधन फारसे लागत नाही. लोखंडाचा ऑक्साइड वाळूशी जुळून मळी होतो व वर तरंगतो. खाली तांबे आणि गंधकाचा जड रस साचतो. तो दुसऱ्या भट्टीत ओतून त्यात हवा फुंकली, की उरलेले लोखंड आधी जाते, मग गंधक जळते आणि तांबे मागे राहते. लोखंड गाळताना ऑक्सिजन काढून घ्यायला कोळसा घालावा लागतो. इथे त्याची गरज नाही, कारण ऑक्सिजनला तांब्यापेक्षा गंधक आणि लोखंड जास्त जवळचे.

पण जळलेले गंधक जाते कुठे? चॅल्कोपायराइटचा हिशेब सरळ आहे: एक टन तांब्यामागे एक टन गंधक, त्यातून दोन टन सल्फर डायऑक्साइड. तो पकडून सल्फ्युरिक आम्ल केले तर तीन टन आम्ल मिळते आणि ते खतकारखान्यांना लागतेच. निसटला तर मात्र तो पानांना आणि फुप्फुसांना जाळतो. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला स्टरलाइटची तांब्याची भट्टी रत्नागिरीत येऊ घातली, तेव्हा आंबा-काजूवर जगणाऱ्या लोकांनी ती रोखून धरली, त्यामागे हीच धास्ती होती. 1994 मध्ये काम थांबले आणि प्रकल्प तुतिकोरिनला गेला. तिथेही प्रदूषणाच्या तक्रारी सुरू राहिल्या. मे 2018 मध्ये आंदोलकांवरच्या पोलीस गोळीबारात 13 जणांचा बळी गेला आणि कारखान्याला टाळे लागले. अशा भट्टीची पारख तांब्यावरून नाही, तिच्या आम्लाच्या विभागावरून करावी.

भट्टीतून निघालेले तांबे 98-99 टक्के शुद्ध असते. घडवंचीवरच्या हंड्याला ते चालले असते. विजेच्या तारेला नाही, कारण किंचित भेसळही विजेला अडवते. म्हणून आधी त्यातला ऑक्सिजन घालवतात (पूर्वी त्यासाठी वितळल्या तांब्यात चक्क ओली लाकडे खुपसत), मग जाड पाट ओतून ते मोरचूद आणि आम्लाच्या पाण्यात टांगतात. अगदी कमी दाबाची वीज दिली, की पाटातले तांबे विरघळून समोरच्या पत्र्यावर बसते. लोखंड, निकेल पाण्यातच राहतात. सोने-चांदी विरघळत नाही, गाळ होऊन तळाशी पडते. तो गाळ कोणी फेकत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत 99.99 टक्के शुद्ध पत्रा तयार.

मॅलॅकाइटसारख्या हिरव्या, गंधक नसलेल्या खनिजांची वाट वेगळी. दगडाच्या ढिगावर सौम्य आम्ल शिंपडतात, झिरपलेले तांबे सेंद्रिय द्रावणाने वेचून घेतात आणि विजेने पत्र्यावर बसवतात. भट्टी पेटवावीच लागत नाही. चिलीत हे फार चालते; आपल्याकडच्या गंधकी दगडाला ते सहजासहजी लागू पडत नाही.

शुद्ध पत्र्याची पुढची गाठ मुंबईजवळच, तळोज्याला पडते. हिंदुस्तान कॉपरच्या तिथल्या कारखान्यात पत्रे वितळवून अखंड ओततात आणि तप्त असतानाच लाटून 8 मिलिमीटर जाडीच्या सळीची वेटोळी करतात. घरातल्या वायरिंगची तार ओढायला हीच सळी लागते.