वॉरंटी नाकारली? आधी कारण लेखी घ्या

2022 मध्ये अमेरिकेतल्या एका टोयोटा जीआर86 मालकाचं इंजिन गेलं. वॉरंटी नाकारताना पुरावा म्हणून पुढे आला तो त्याच्या ड्रिफ्टिंगचा सोशल मीडियावरचा फोटो! गंमत म्हणजे याच गाडीसोबत कंपनी 'नासा'चं (नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन, अवकाशवाली नव्हे) वर्षभराचं सदस्यत्व आणि ट्रॅकवर गाडी चालवायचा एक दिवस फुकट देत होती.

सुबारूने बनवलेल्या या 2.4 लिटर बॉक्सर इंजिनाबद्दल एक तक्रार वारंवार येते: जोडांवरच्या सीलंटचे तुकडे ऑइल पिकअपच्या जाळीत अडकलेले सापडतात. म्हणून अशा भांडणात खरा साक्षीदार तेलच. इंजिन उघडण्याआधी तेलाचा नमुना घ्या, सम्प (तेलाचं खालचं भांडं) काढताना जाळीचे फोटो काढा, स्वतंत्र मेकॅनिककडून लेखी अहवाल घ्या. निकाल लागेपर्यंत जुनं इंजिन भंगारात जाऊ देऊ नका. इंजिन जपून ठेवायला डीलरला ईमेलनेच सांगा आणि नकाराचं कारणही लेखी मागा. ऑइल बदलल्याची बिलं तर हवीतच. रेव्ह लिमिट ओलांडल्याची नोंद ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) असेल, तर मात्र बाजू लंगडी पडते.

अमेरिकेत 1975 च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार बाहेरचा एक्झॉस्ट बसवला, एवढ्यावरून वॉरंटी रद्द होत नाही. बिघाड त्यामुळेच झाला हे कंपनीला दाखवावं लागतं.

भारतात डीलर दाद देत नसेल, तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं.