विमानविद्येचें वय

घरांतील एखादें चौदा-पंधरा वर्षांचें मूल "मी वैमानिक होणार" असें म्हणूं लागलें, म्हणजे एकत्र कुटुंबांत हटकून दोन पक्ष पडतात. आजोबांच्या मतें हें वय पुस्तकांचें. काका म्हणतात, शिकावयाचेंच तर आतांपासून कां नको? बीड जिल्ह्यांत तर हा प्रश्न अधिकच अवघड. बीड शहरांत आगगाडी आली तीच मुळीं सप्टेंबर २०२५ मध्यें. उड्डाणाच्या शिक्षणासाठीं बारामती, धुळें किंवा गोंदिया गांठावें लागतें. म्हणून या बाबतींत कायदा काय सांगतो, व तसें कां सांगतो, हें वडील मंडळींस ठाऊक असणें इष्ट होय.

मूळ १९३७ सालच्या व पुढें वेळोवेळीं सुधारलेल्या विमाननियमांनीं वयाच्या पायऱ्या घालून दिल्या आहेत. शिकाऊ परवान्यास १६ वर्षें पुरीं व्हावीं लागतात आणि दहावीची परीक्षा उतरावी लागते. खासगी वैमानिकास १७ वर्षें व निदान ४० तासांचें उड्डाण. पोटासाठीं हा व्यवसाय करणारास १८ वर्षें व २०० तास. मोठ्या प्रवासी विमानाच्या कप्तानास लागणाऱ्या परवान्यासाठीं २१ वर्षें व १५०० तासांचा अनुभव लागतो.

येथें चाणाक्ष वाचक विचारतील कीं, मोटार हांकण्यास १८ वर्षें लागतात, मग आकाशांत १६ व्या वर्षीं एकट्यास कसें सोडतात? याचें उत्तर सोपें आहे. परवाना हातीं पडलेल्या मोटारवाल्यावर रस्त्यांत कोणाची नजर नसते. शिकाऊ वैमानिक मात्र शिक्षकाच्या अनुज्ञेवांचून जमीन सोडूं शकत नाहीं, आणि त्यास उतारू नेण्याची मुभा नसते. थोडक्यांत, कायद्यानें वय कमी केलें, पण पहारा वाढविला.

तरुण वयांत हें कौशल्य साधतें यांत संशय नाहीं. १९३० सालीं आगाखानांनीं ठेवलेलें ५०० पौंडांचें बक्षीस इंग्लंडाहून एकट्यानें हिंदुस्थानांत उडत येऊन जिंकलें तें अवघ्या १७ वर्षांच्या अस्पी इंजिनिअर यांनीं; पुढें ते भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. मुलीहि मागें नाहींत. मुंबईच्या आरोही पंडित हिनें २०१९ च्या मे महिन्यांत, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, एका हलक्या विमानांतून एकटीनें अटलांटिक महासागर ओलांडला.

परंतु नाण्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ११ एप्रिल १९९६ रोजीं अमेरिकेंत जेसिका डबरॉफ ही सात वर्षांची बालिका विक्रमासाठीं देश ओलांडण्यास निघाली असतां शायेन येथें विमान कोसळलें. ती, तिचे वडील व शिक्षक असे तिघेहि दगावले. आभाळ बिघडत होतें, विमानांत भार अधिक होता, तरी ठरलेला कार्यक्रम पाळण्याच्या ओढीनें उड्डाण केलें गेलें. चौकशींत दोष निघाला तो शिक्षकाच्या निर्णयाचा, बालिकेचा नव्हे. त्याच वर्षीं अमेरिकेनें अशा बालविक्रमांना कायद्यानें आळा घातला. यावरून दिसून येईल कीं, वयाची अट मुलांच्या उत्साहावर जितकी आहे, तितकीच मोठ्यांच्या हौसेवरहि आहे. विमान वळविण्यास हाताची चपळाई पुरते. "आज उडावयाचें नाहीं" असें म्हणण्यास मात्र पक्व विवेक लागतो.

मग सोळावें वर्ष लागेपर्यंत काय करावें? दहावीनंतर गणित व पदार्थविज्ञान हे विषय घेणें शहाणपणाचें. जवळपास राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा असल्यास तींत नांव घालावें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, लाखों रुपयांची फी भरण्यापूर्वीं मान्य डॉक्टरांकडून मुलाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. व्यवसायासाठीं वरच्या वर्गाची तपासणी लागते. डोळ्यांना रंग नीट ओळखतां न आल्यास या मार्गांत मोठी आडकाठी येते. शेत विकून फी भरल्यावर हें कळणें फार कष्टदायक आहे.

मुलानें हट्ट धरला तर त्याला रागें भरूं नये, आणि घाईहि करूं नये. कायद्यानें दिलेलीं हीं दोन-तीन वर्षें तयारीचीं आहेत. तीं वायां जात नाहींत.